शाळा पाडायची की सावरायची?

राजस्थानातील झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी २५ जुलै २०२५ रोजी सकाळी सरकारी शाळेची जीर्ण इमारत कोसळली आणि सात मुलांना प्राण गमवावे लागले. अशी दुर्घटना घडली की सर्वत्र जुन्या शाळांच्या याद्या मागवल्या जातात, पाहणीचे आदेश निघतात आणि काही इमारतींच्या प्रवेशद्वारावर 'धोकादायक' असा फलक लागतो. तो फलक लागणे अनेकदा आवश्यकच असते. मात्र महानगरातील गरीब वस्त्यांमध्ये त्या फलकामुळे पालकांच्या मनात आणखी एक भीती उभी राहते. इमारत पडेल ही पहिली भीती. ती पाडल्यावर शाळा पुन्हा याच जागी उभी राहील का, आणि राहिली तर तोपर्यंत मुले जातील कुठे, ही दुसरी.

या दोन भीतींच्या मधोमध जुन्या शाळांच्या नूतनीकरणाचा प्रश्न उभा आहे. 'शाश्वत', 'हरित', 'पर्यावरणस्नेही' ही विशेषणे अलीकडे अशा कामांना सर्रास जोडली जातात. गच्चीवर सौर पत्रे बसवले, भिंतींवर झाडांची चित्रे काढली आणि दर्शनी बाजूला रंग दिला की काम झाले, असा समजही रूढ होऊ लागला आहे. प्रत्यक्षात शाश्वतपणाची कसोटी अधिक साधी आणि अधिक कठोर आहे. दुरुस्तीनंतर ही इमारत आणखी पंचवीस-तीस वर्षे, त्याच वस्तीत, त्याच मुलांसाठी सुरक्षितपणे उभी राहणार आहे काय? या प्रश्नाचे उत्तर कोणती कामे केली यावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच ती कोणत्या क्रमाने केली यावरही.

शाळा कुणाची, वस्ती कोणती

मुंबईच्या पूर्व उपनगरांतील गोवंडी, देवनार, मानखुर्द, शिवाजीनगर, बैंगनवाडी हा परिसर या प्रश्नाचे बोलके उदाहरण ठरतो. महापालिकेच्या एम-पूर्व विभागात मोडणारा हा भाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातील सर्वांत मागे असल्याचे नोंदवले गेले. एका बाजूला १९२७ पासूनची देवनार कचराभूमी, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी आणि मधून जाणारा अवजड वाहतुकीचा घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता, अशी या वस्त्यांची चौकट आहे. शहराच्या इतर भागांतून हटवलेल्या झोपडीवासीयांना १९७० च्या दशकात येथे जागा देण्यात आल्या आणि वस्ती वाढत गेली. अशा परिसरात पालिकेची शाळा ही बहुतेकदा सर्वांत मोठी सार्वजनिक वास्तू असते. लसीकरण, मतदान केंद्र, पूर आला तर निवारा, अशी अनेक कामे तिच्याच अंगणात होतात.

प्राथमिक शाळा चालवणे आणि त्यांना योग्य जागा पुरवणे हे १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. मुंबईत पालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून चालतात. एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा आणि सकाळ-दुपार अशी दोन सत्रे, हे चित्र येथे नित्याचे आहे. साहजिकच इमारत सकाळी सातच्या सुमारास जागी होते ती संध्याकाळीच शांत होते. दुरुस्तीसाठी तिला उसंत मिळते ती केवळ मे महिन्याच्या सुटीत.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याअंतर्गत महाराष्ट्रात केलेल्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असणे अपेक्षित आहे. नकाशावर एक किलोमीटर हे अंतर किरकोळ वाटते. त्यात मालमोटारींचा जोडरस्ता किंवा रेल्वेमार्ग आडवा आला की तेच अंतर सहा वर्षांच्या मुलासाठी दुस्तर होते. आई-वडील दोघेही पहाटेच कामावर निघणाऱ्या घरांत मुलांना पोहोचवायला कुणी नसते. धाकट्या भावंडाला बरोबर नेणारी मोठी बहीण शाळा दूर गेल्यावर आधी उशिरा पोहोचू लागते, मग अधूनमधून गैरहजर राहते आणि अखेरीस तिचे नाव केवळ हजेरीपटावर उरते. म्हणूनच इमारत पाडण्याचा निर्णय हा निव्वळ अभियांत्रिकीचा निर्णय राहत नाही.

दुसरीकडे, शाळा जवळ आहे एवढ्यासाठी धोका पत्करणेही समर्थनीय नाही. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले होरपळून मरण पावली. त्या घटनेच्या पार्श्वभूमीवर दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला आणि शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत असल्याचे स्पष्ट केले. जवळची शाळा आणि सुरक्षित शाळा हे दोन्ही हक्क एकाच मुलाचे आहेत. नूतनीकरणाची योजना दोहोंना न्याय देणारी असावी लागते.

इमारत म्हातारी कशी होते

सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या शाळा प्रामुख्याने सिमेंट काँक्रीट आणि लोखंडी सळ्या यांच्या आहेत. काँक्रीट दाब सहन करते, सळ्या ताण सहन करतात, या जोडीवर इमारत उभी असते. ताजे काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असते. त्याचा सामू १२ ते १३ च्या आसपास असतो आणि या अल्कतेमुळे सळईवर एक सूक्ष्म संरक्षक थर तयार होतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड मात्र काँक्रीटच्या छिद्रांतून हळूहळू आत शिरतो आणि ही अल्कता घटवत जातो. सामू नऊच्या खाली उतरला की संरक्षक थर नष्ट होतो आणि हवा व ओल मिळताच सळई गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असते. तो आतून रेटा देतो, काँक्रीटला सळईच्या रेषेत भेगा पडतात, पोपडे सुटतात आणि उघड्या पडलेल्या सळया दिसू लागतात. वर्गात छताचा तुकडा पडल्याच्या घटनांमागे बहुधा हीच प्रक्रिया असते. खाडीकाठच्या खाऱ्या हवेतील क्लोराइड हाच परिणाम अधिक वेगाने घडवून आणते.

यातून एक महत्त्वाचा धडा मिळतो. हवेचा हा शिरकाव साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होतो. म्हणजे सळईवरचे काँक्रीटचे आवरण दुप्पट जाड असेल तर गंज सुरू होण्यास सुमारे चौपट काळ लागतो. बांधकामाच्या वेळी आवरणात केलेली एखाद्या सेंटीमीटरची कसूर पुढे इमारतीच्या आयुष्यातील कित्येक वर्षे खाऊन टाकते. त्याचप्रमाणे दुरुस्तीच्या वेळी वरवर गिलावा थापला तर गंज आतच राहतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत तोच पोपडा पुन्हा सुटतो.

इमारतीच्या प्रकृतीचे निदान डोळ्यांनी करता येत नाही. भेगा दिसत नाहीत म्हणून इमारत भक्कम, आणि भिंत ओली आहे म्हणून ती मोडकळीस आलेली, हे दोन्ही निष्कर्ष फसवे ठरू शकतात. त्यासाठी संरचनात्मक तपासणी करावी लागते. काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा विशिष्ट हातोड्याने मोजला जातो. ध्वनिलहरी आरपार पाठवून आतील पोकळ्या व भेगा हुडकल्या जातात. काँक्रीटचा दंडगोलाकार नमुना काढून प्रयोगशाळेत त्याची ताकद तपासतात. फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारले असता जेथे अल्कता शिल्लक आहे तेथे गडद गुलाबी रंग उमटतो आणि जेथे ती संपली आहे तो भाग बेरंगच राहतो. सळई कुठवर सुरक्षित आहे, हे या रंगाच्या सीमारेषेवरून कळते.

मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची अशी तपासणी कायद्याने आवश्यक आहे. तिच्या निष्कर्षांनुसार इमारतींची वर्गवारी होते. 'सी-१' म्हणजे तातडीने रिकामी करून पाडावयाची इमारत. 'सी-२ए' म्हणजे पूर्णतः वा अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती करावयाची. 'सी-२बी' म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती शक्य असलेली आणि 'सी-३' म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. वस्तीतील पालकांच्या दृष्टीने या चार अक्षरसंज्ञांमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे. म्हणूनच तपासणीचा अहवाल केवळ कार्यालयाच्या कपाटात न राहता शाळेच्या सूचनाफलकावर, मुलांच्या माध्यमाच्या भाषेत आणि सोप्या शब्दांत लागणे आवश्यक ठरते. कोणते खांब कमकुवत आहेत, कोणते वर्ग बंद ठेवायचे, दुरुस्ती किती काळ चालणार, हे पालकांना कळले तर अफवांना वाव राहत नाही.

पाडण्याचा न दिसणारा खर्च

अहवाल 'सी-१' असेल तर वाद उरत नाही. इमारत पाडलीच पाहिजे. परंतु मधल्या श्रेणीतील इमारतींच्या बाबतीत 'दुरुस्तीवर पैसा घालण्यापेक्षा नवीच बांधू' हा युक्तिवाद सहज केला जातो. त्यात काही खर्च हिशेबात धरले जात नाहीत.

पहिला खर्च पर्यावरणाचा. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनापैकी सात ते आठ टक्के वाटा सिमेंट उद्योगाचा मानला जातो. चुनखडी भाजताना तिच्यातूनच हा वायू बाहेर पडतो आणि भट्टीसाठी जळणाऱ्या इंधनातूनही. एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. जुन्या शाळेच्या पायात, खांबांत आणि स्लॅबमध्ये हे मोल एकदा चुकते झाले आहे. इमारत पाडली की ते मातीमोल होते आणि नव्या इमारतीसाठी पुन्हा मोजावे लागते. आधीपासून उभी असलेली इमारत हीच सर्वाधिक हरित इमारत, हा विचार अमेरिकी वास्तुविशारद कार्ल एलिफँटे यांनी २००७ मध्ये मांडला तो याच हिशेबातून. दुसरा खर्च राडारोड्याचा. तो उचलून नेण्यासाठी अरुंद गल्ल्यांतून मालमोटारींच्या शेकडो फेऱ्या होतात आणि त्याची धूळ शेजारच्या घरांत बसते. तिसरा खर्च काळाचा. निविदा, आराखडा, मंजुरी, बांधकाम या साखळीत एक कडी निखळली तरी एखाद्या मुलाची पहिली ते चौथीची सारी वर्षे परक्या शाळेत निघून जातात. हा तिसरा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो आणि तो भरतात मात्र मुलेच.

आधी पाण्याची वाट

दुरुस्ती करण्याचे ठरले की कामांचा क्रम हा कळीचा मुद्दा बनतो. काँक्रीटची अल्कता घटली तरी ओल नसेल तर गंज फारसा वाढत नाही. त्यामुळे इमारत वाचवण्याचे पहिले काम म्हणजे पाण्याला तिच्यापासून दूर ठेवणे. गच्चीवरील जुना कोबा उखडून उतार पुन्हा काढणे, विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा करून त्यावर फुटक्या पांढऱ्या फरशांचा चायना मोझेकचा थर देणे, पर्जन्यवाहिन्यांची तोंडे मोकळी करणे, स्वच्छतागृहांच्या गळक्या नळ्या बदलणे आणि भिंतीतून उगवलेले पिंपळ-वड मुळासकट काढणे ही कामे दिसायला मामुली आहेत. तथापि, शाळेचे आयुष्य वाढवण्यात त्यांचाच वाटा मोठा असतो.

त्यानंतर संरचनात्मक दुरुस्ती. पोपडे सुटलेला भाग टेकू देऊन फोडायचा, सळया घासून गंजमुक्त करायच्या, जास्त झिजलेल्या सळयांना नव्या सळया जोडायच्या, गंजरोधक लेप द्यायचा आणि मग पॉलिमरमिश्रित मसाल्याने भाग भरून काढायचा, हा तिचा क्रम. खांब फारच कमकुवत झाले असतील तर त्यांच्याभोवती सळयांचा नवा पिंजरा बांधून काँक्रीटचे जाड आवरण चढवले जाते. या कामातील प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याखाली झाकला जातो. म्हणूनच सळई घासली की नाही याची तपासणी मसाला भरण्यापूर्वीच व्हावी लागते. रंगकाम हे सर्वांत शेवटचे. अनेक ठिकाणी नेमके तेच सर्वांत आधी होते आणि नव्या रंगाखाली जुनी ओल फुगत राहते.

शहरांच्या मध्यवर्ती भागांत दगड, वीट आणि चुन्याच्या जुन्या शाळाही आहेत. त्यांना हाच उपचार लागू पडत नाही. चुन्याच्या भिंती ओल शोषतात आणि ती बाहेर सोडतात. त्यांच्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा केला की ओल आत कोंडते आणि दगड-विटा झिजू लागतात. अशा भिंतींना चुन्याचाच गिलावा हवा.

उष्मा, वारा आणि उजेड

इमारत कोरडी आणि भक्कम झाली की मग तिच्यात बसणाऱ्या मुलांच्या सुखसोयीचा विचार. वरच्या मजल्यावरील वर्ग मार्च-एप्रिलच्या दुपारी तापतात, कारण काँक्रीटची उघडी गच्ची दिवसभर ऊन शोषते आणि ती उष्णता खाली उत्सर्जित करते. पंखा फिरतो तो ही गरम हवाच. उष्णतेचा शिक्षणावर परिणाम होतो, हे केवळ अनुभवाचे बोल नाहीत. अमेरिकेतील सुमारे एक कोटी विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील गुणांवर आधारित २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की वातानुकूलन नसलेल्या शाळांत वर्षाचे सरासरी तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढले तर त्या वर्षीचे अध्ययन सुमारे एक टक्क्याने घटते. गरीब वस्त्यांतील विद्यार्थ्यांना ही झळ अधिक बसते, असेही त्यात दिसून आले.

यावरचा स्वस्त उपाय म्हणजे पांढरी गच्ची. सूर्यप्रकाश परावर्तित करणारा पांढरा लेप किंवा चायना मोझेक असेल तर वरच्या मजल्यावरील तापमान साधारणपणे दोन ते पाच अंश सेल्सिअसने कमी राहू शकते. अहमदाबादने मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत मोठी जीवितहानी सोसल्यानंतर २०१३ मध्ये उष्माविरोधी कृती आराखडा आखला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतील घरांवर पांढऱ्या छपरांचा उपक्रम हाती घेतला. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा छपरांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. गोवंडीतील शाळेच्या गच्चीला हा उपाय तितकाच लागू आहे. शिवाय चायना मोझेक गळतीही रोखतो आणि उष्माही, म्हणजे एकाच खर्चात दोन कामे साधतात. अट एवढीच, की गच्ची वर्षातून दोनदा धुतली पाहिजे. धुळीने काळवंडलेला पांढरा रंग निरुपयोगी ठरतो.

वाऱ्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. वर्गाच्या समोरासमोरच्या भिंतींत उघडी तावदाने असतील तरच वारा वाहतो. जुन्या शाळांत व्हरांड्याच्या बाजूला खिडक्या आणि वर झरोके असत ते यासाठीच. कालांतराने कपाटे उभी राहिली, झरोक्यांवर फळ्या ठोकल्या गेल्या, चोरीच्या भीतीने खिडक्यांना पत्रे लागले आणि मूळ योजनेतील वारा हरवला. पन्नास मुलांनी भरलेल्या बंद वर्गात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण भराभर वाढते आणि तिसऱ्या तासाला मुले पेंगू लागतात. येथे नवे काही बसवण्यापेक्षा बंद केलेले उघडणे हेच नूतनीकरण. खिडकीवर छज्जा असेल तर पावसातही ती उघडी ठेवता येते. भिंती व छत फिकट रंगाचे केले तर आत येणारा उजेड वर्गाच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतो.

देवनारसारख्या परिसरात मात्र बाहेरची हवाच स्वच्छ नसते. जानेवारी २०१६ मध्ये कचराभूमीला लागलेल्या मोठ्या आगीनंतर धुरामुळे परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. तेव्हा खिडक्या उघडण्याचा सल्ला येथे सरसकट देता येत नाही. रस्त्याच्या बाजूची तावदाने नीट बंद होणारी असावीत, अंगणाच्या बाजूची मोठी असावीत, धुराच्या दिवशी कोणते वर्ग कसे चालवायचे हे आधीच ठरलेले असावे, एवढी तजवीज आराखड्यातच करावी लागते.

पाणी आणि स्वच्छतागृहे

मुलींच्या शाळागळतीच्या चर्चेत स्वच्छतागृहांचा उल्लेख नेहमी येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलगे व मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पुरेसे सुरक्षित पिण्याचे पाणी यांचा समावेश आहेच. अडचण बहुधा बांधकामाची नसते. खोल्या असतात, पाणी नसते. कडी तुटलेली असते, दिवा नसतो, सफाईला माणूस नसतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार दिवसाच्या शाळेला प्रतिविद्यार्थी रोज ४५ लिटर पाणी धरले जाते. दोन सत्रांत मिळून हजार मुले असलेल्या इमारतीला याप्रमाणे रोज ४५ हजार लिटर लागतात. ज्या वस्तीत घरोघरी पाण्यासाठी रांगा लागतात तेथे हे पाणी आणायचे कुठून?

पावसाचे पाणी हे त्याचे अर्धे उत्तर आहे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ४०० चौरस मीटरच्या गच्चीवर दोन हजार मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातील ८० टक्के गोळा झाला तर ६ लाख ४० हजार लिटर पाणी मिळते. आकडा मोठा दिसतो, पण तो शाळेची पंधरा दिवसांचीही गरज भागवत नाही आणि चार महिन्यांतच येतो. वर्षभर साठवण्याइतकी टाकी बांधणे परवडणारे नाही. त्यामुळे हे पाणी पावसाळ्यात स्वच्छतागृहांसाठी वापरावे आणि पालिकेचे पाणी पिण्यासाठी राखावे, हा व्यवहार्य मार्ग. अन्यत्र पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याचा आग्रह योग्य असला तरी कचराभूमीलगतच्या भरावाच्या जमिनीत ते मुरवण्याने फारसे साधत नाही. प्रत्येक वस्तीची जमीन पाहूनच उपाय ठरवावा लागतो, याचे हे उत्तम उदाहरण. बाकीचे निम्मे उत्तर नळाच्या तोट्या आणि टाक्यांच्या तरंगत्या चेंडूंच्या झडपा वेळेवर बदलण्यात आहे.

सौर पत्रे सर्वांत शेवटी का

वीज वाचवणे हे वीजनिर्मितीपेक्षा स्वस्त असते. वीस वर्गांच्या शाळेत प्रत्येकी चार पंखे आणि सहा नळीदिवे धरले तर ७५ वॉटचे ८० पंखे सहा किलोवॉट आणि जुन्या चोकसह सुमारे ५० वॉटचे १२० दिवे आणखी सहा किलोवॉट वीज ओढतात. दहा तास सारे चालू राहिले तर रोज १२० युनिट. त्याऐवजी ३० वॉटचे नवे पंखे आणि २० वॉटचे एलईडी दिवे बसवले तर हाच वापर ४८ युनिटांवर येतो. एक किलोवॉटच्या सौर पत्र्यांना सुमारे दहा चौरस मीटर मोकळी जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. म्हणजे आधी पंखे-दिवे बदलले तर १२ किलोवॉटचे पत्रे पुरतात, न बदलता पत्रे लावले तर ३० किलोवॉटचे लागतात. पहिल्या योजनेत १२० चौरस मीटर गच्ची अडते, दुसरीत ३००.

याखेरीज पत्र्यांच्या सांगाड्याचे वजन जुन्या स्लॅबला पेलले पाहिजे. तो बसवताना नव्या कोब्याला भोके पडली तर गळती परत सुरू होते. ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते ही चक्रीवादळे कोकण किनाऱ्याने अनुभवली आहेत. वाऱ्याने उडालेला पत्रा वस्तीतील घरांवर पडला तर अनर्थ ओढवेल. सौरऊर्जा हवीच, परंतु गच्ची दुरुस्त झाल्यावर, संरचना अभियंत्याच्या संमतीने आणि भक्कम पायांवर.

शाळा सुरू, काम सुरू

शाळा न हलवता दुरुस्ती करायची तर इमारतीचे भाग पाडून टप्प्याटप्प्याने काम करावे लागते. फोडाफोडीची कामे मे महिन्यात, गच्चीची कामे पावसाळ्यापूर्वी, आतील कामे एकेका मजल्याची, असे वेळापत्रक आखता येते. त्या काळात सत्रांची फेरमांडणी करून रिकाम्या मजल्यावर काम आणि उरलेल्या मजल्यांवर वर्ग चालवता येतात. यासाठी कामाचा परिसर मुलांच्या वाटेपासून पूर्णतः वेगळा हवा. परांचीखालून मुलांनी ये-जा करणे कदापि मान्य होऊ नये. एक जिना कामगारांसाठी आणि एक मुलांसाठी राखून ठेवला आणि आग लागली तर बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवली, तरच शाळा सुरू ठेवण्याला अर्थ आहे. तशी सोय होत नसेल तर तो मजला काही काळ बंद ठेवून मुलांना वस्तीतच, पायी पोहोचण्याजोग्या जागी बसवावे.

जुन्या इमारतीतील दोन घातक गोष्टींकडे सहसा दुर्लक्ष होते. पहिली म्हणजे शिसे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भाग इतके मर्यादित करणारा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या तैलरंगांत शिसे असण्याची शक्यता असते. दारे-खिडक्या कोरड्या घासल्या तर त्याची धूळ वर्गभर पसरते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसे अपायकारक आहे. रंग ओला करून खरवडणे आणि धूळ ओल्या फडक्याने पुसणे एवढ्या साध्या दक्षतेने हा धोका बराच टळतो. दुसरी गोष्ट म्हणजे शेड, व्हरांडे व स्वच्छतागृहांवरील ॲस्बेस्टॉसचे सिमेंटी पत्रे. त्यांचे तंतू फुप्फुसात गेल्यास कर्करोग होऊ शकतो. हे पत्रे फोडून टाकण्याऐवजी ओले करून, अखंड उतरवून आणि गुंडाळून न्यावे लागतात. ही काळजी मुलांइतकीच तेथे राबणाऱ्या मजुरांसाठीही आवश्यक आहे.

देखभालीची वही

नूतनीकरणाचा समारंभ होतो, देखभालीचा होत नाही. नवी पर्जन्यवाहिनी पानांनी तुंबायला एक पावसाळा पुरतो आणि तेथूनच इमारतीचे जुने दुखणे परत सुरू होते. त्यामुळे दुरुस्तीच्या रकमेबरोबरच पुढील वर्षांच्या देखभालीची तरतूद मंजूर व्हायला हवी. मे अखेरीस गच्ची व वाहिन्या साफ करणे, दिवाळीच्या सुटीत टाक्या धुणे, पावसाळ्यानंतर भेगांची पाहणी, ठरावीक वर्षांनी पुन्हा संरचनात्मक तपासणी, अशी यादी आणि प्रत्येक कामासमोर जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहिलेले असेल, तर विचारणा कुणाकडे करायची हे वस्तीला कळते.

विचारणा करणारी यंत्रणा कायद्याने आधीच दिलेली आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी व स्थानिक प्राधिकरणाच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यातील किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि किमान निम्म्या सदस्य स्त्रिया असणे आवश्यक आहे. शाळा विकास आराखडा तयार करण्याचे कामही याच समितीकडे सोपवले आहे. गोवंडीसारख्या वस्त्यांतील अनेक पालक स्वतः गवंडी, नळजोडणीवाले, रंगारी, वीजतंत्री आहेत. उतार कुठे चुकला, मसाला कच्चा कुठे आहे, हे त्यांना कागदाविना कळते. समितीच्या बैठकीत त्यांच्याकडून केवळ सह्या घेतल्या जातात, की कामाच्या पाहणीला त्यांना बोलावले जाते, यावर दुरुस्तीचा दर्जा बराचसा ठरतो.

मुलांनाही या कामात वाटा देता येतो. दिल्लीच्या 'विन्यास' या संस्थेने शालेय इमारतच अध्ययन साहित्य म्हणून वापरण्याची 'बाला' ही संकल्पना विकसित केली आणि देशातील अनेक शाळांनी ती स्वीकारली. जिन्याच्या पायऱ्यांवर संख्यारेषा, दाराच्या फिरण्याच्या कक्षेत कोन, असे तिचे स्वरूप. दुरुस्त केलेल्या शाळेत याच धर्तीवर पर्जन्यमापक, पाण्याचा मीटर आणि सौर युनिटांची नोंदवही पाचवी-सहावीच्या मुलांकडे सोपवता येईल. गळणारा नळ रोज किती लिटर वाया घालवतो, हे गणित त्यांनी मांडले तर तक्रारही आपोआप नोंदली जाईल.

जुनी शाळा सावरण्यासाठी लागणारे तंत्रज्ञान नवे नाही आणि दुर्मीळही नाही. कोबा, चुना, पांढऱ्या फरशा, उघडी खिडकी, वाहता नळ या साऱ्या गोष्टी ठाऊक असलेल्या आहेत. उणीव असते ती प्रामाणिक निदानाची, योग्य क्रमाची आणि पुढच्या पावसाळ्यातही गच्चीवर चढून पाहणाऱ्या माणसाची. ती भरून निघाली तर अनेक शाळांवरील 'धोकादायक' हा फलक इमारत न पाडताही उतरवता येईल, आणि जोडरस्त्याच्या अलीकडे राहणाऱ्या मुलीला शाळेसाठी तो रस्ता ओलांडावा लागणार नाही.